पाण्याच्या काठची रात्र

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त रावपुरा, बडोदे येथे भरलेल्या सभासदांच्या व कुटुंबीयांच्या सभेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत बोलावयास उभे राहणाऱ्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, संस्थापकांचे स्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावे आणि गोड शब्दांत आपले भाषण आटोपावे, असा रिवाज आहे. ती कामे इतर वक्त्यांनी आमच्यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने केली आहेत. आमच्याकडे आलेला विषय मंगलप्रसंगी काढण्याजोगा नाही, हे आम्ही जाणतो. तरीही व्यवस्थापक मंडळाने तो मान्य केला, कारण न्यासाने येत्या वर्षात हाती घ्यावयाच्या एका कामाशी त्याचा निकट संबंध आहे. विषय आहे आपल्या शहरात पाण्यावर झालेल्या मृत्यूंचा, आणि त्या मृत्यूंनी आपल्याला काय शिकवावयास हवे होते याचा.

रावपुऱ्यातल्या माणसाला सूरसागर कोठे आहे हे सांगावे लागत नाही. शाळेला जाताना, मांडवीत बाजारहाट करताना, संगीत महाविद्यालयातून येणारे सूर ऐकत संध्याकाळी पाय मोकळे करताना तो तलाव आपल्या डोळ्यांपुढे असतोच. त्याला पूर्वी चंदन तलाव म्हणत. अठराव्या शतकात सुरेश्वर देसाई यांनी तो बांधून काढला आणि त्यांच्या नावावरून तो सूरसागर झाला. काठावर न्यायमंदिराची भव्य इमारत आहे. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी आजोबांचे बोट धरून या तलावाच्या कट्ट्यावर शेंगदाणे खाल्ले आहेत. असे घरच्या अंगणासारखे पाणी माणसाचा घात करील, ही कल्पना कोणाच्या मनात येत नाही.

११ ऑगस्ट १९९३ रोजी ते घडले. श्रावण वद्यातले, गोकुळाष्टमीचे दिवस. शाळांना सुट्ट्या, पाहुण्यांची वर्दळ, मुलांचा हट्ट. त्या काळी सूरसागरात महानगरपालिकेने दिलेल्या ठेक्यावर नौकाविहार चालत असे. वीस माणसांच्या एका नावेत अडतीस जण बसले. नाव उलटली आणि त्यांतले बावीस जण बुडाले. भर वस्तीत, चारी बाजूंनी रस्ते, दुकाने आणि माणसे असताना, काठावरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ही माणसे गेली.

आज ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना ती रात्र आठवत असेल. अपघाताची वेळ घड्याळात काही मिनिटांचीच असते. गावाच्या आयुष्यात मात्र त्याची खरी वेळ असते ती त्यानंतरची रात्र. काठावर गर्दी हलत नाही. पाण्याकडे पाहणारा प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरची माणसे मोजतो. दवाखान्याच्या फाटकाशी नावे विचारणारे नातेवाईक उभे असतात. त्या काळी हातात फोन नव्हते. घरी कोण पोहोचले आणि कोण नाही हे कळावयास सायकलवरून कोणीतरी जावे लागे. ज्यांच्या घरचे परतले, त्यांनी मुलांना जवळ घेऊन झोपविले आणि शेजारच्या घरातला दिवा रात्रभर जळत असलेला पाहिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा आला. गल्लीला आकडा नको होता. तिला नावे ठाऊक होती.

या प्रकरणाचा पुढचा भाग फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. मृतांच्या वारसांनी ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागितली. पैसे देऊन नावेत बसणारा हा ग्राहक आहे आणि त्याच्या जिवाची काळजी घेणे हा सेवेचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नाव ठेकेदाराची, चालविणारा ठेकेदाराचा माणूस, मग आमचा दोष काय, असा पवित्रा सार्वजनिक संस्था अशा वेळी घेतात. हे प्रकरण आयोगामागून आयोग चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ साली त्या न्यायालयाने निर्णय दिला की, नौकाविहार हा जातीनेच धोक्याचा व्यवसाय आहे, नागरिकांच्या सुरक्षिततेचे कर्तव्य कायद्यानेच महानगरपालिकेवर टाकलेले आहे, आणि ते कर्तव्य ठेकेदाराच्या गळ्यात घालून तिला मोकळे होता येणार नाही.

हा निर्णय मोलाचा आहे. देशातल्या प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर तो लावावा एवढा मोलाचा आहे. परंतु १९९३ आणि २०१४ यांच्यामधले अंतर एकवीस वर्षांचे आहे. १९९३ साली जे मूल पाळण्यात होते, ते निकालाच्या दिवशी मतदार झालेले होते. न्यायमंदिराच्या दारात अपघात झाला आणि न्याय दिल्लीहून एकवीस वर्षांनी आला. ज्या आईने तोपर्यंत डोळे मिटले असतील, तिला तो कोणी वाचून दाखवावा?

भगिनींनो, बंधूंनो, नाव का उलटते, हे शास्त्र अवघड नाही. नाव तरते ती आपल्या आकारमानाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या जोरावर. माणसे वाढली की ती खोल बसते आणि पाणी व काठ यांच्यातले अंतर कमी होते. हे अंतर चार बोटांवर आले की लहानशी लाटही आत शिरते. आत शिरलेले पाणी स्थिर राहत नाही. नाव डावीकडे कलली की ते डावीकडे धावते, आणि कलणाऱ्या नावेला आणखी कलविते. त्यातच माणसे घाबरून उभी राहतात, एका बाजूला झुकतात, म्हणजे भार उंच जातो आणि तोल सुटतो. वीस माणसांच्या नावेत अडतीस बसविल्याने धोका दुप्पट होत नाही, अनेकपट होतो; कारण हे सारे दोष एकमेकांना हात देतात. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा हात हलवून ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर आले की श्वास घेण्यातच त्याची शक्ती खर्च होते, हाक मारावयास श्वास उरत नाही. लहान मूल तर मिनिटाच्या आत, आवाज न करता दिसेनासे होते. म्हणूनच काठावर उभी असलेली माणसे पुष्कळदा म्हणतात की, आम्हाला कळलेच नाही.

हे सर्व भर दिवसा. रात्र असली तर काय होईल, याचा विचार करा. यंत्रावर चालणाऱ्या नावेला रात्री डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा लावण्याचा दंडक जगभर आहे, तो समोरच्याला आपली दिशा कळावी म्हणून. आपल्या तलावांवर आणि नदीघाटांवर असा दिवा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? अंधारात पाण्यात पडलेले डोके पंधरा हातांवरून दिसत नाही. यंत्राच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. सूर्य मावळल्यावर प्रवाशांची नाव सोडू नये, हा नियम त्यासाठी.

हे धडे नवे नाहीत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमांडवीहून मुंबईस निघालेली वैतरणा नावाची आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला वीजळी म्हणत. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. जीव वाचविण्याच्या होड्या व जाकिटे तिच्यावर पुरेशी नव्हती, असे पुढे चौकशीत निघाले. गुजरातेत तिची गाणी आजही म्हटली जातात. १९१२ च्या एप्रिलमध्ये, भर रात्री, टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर बावीसशेच्या वर माणसे होती आणि होड्यांत जागा होती ११७८ जणांची. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी गेले. कोकणातल्या कित्येक गावांतली घरेच्या घरे ओस पडली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. बातमी मुंबईस कळावयास कित्येक तास गेले. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस शंभरावर प्रवासी घेऊन जाणाऱ्या नीलकमल बोटीवर यंत्राची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली, आणि पंधरा जीव गेले. काळ निराळे, बोटी निराळ्या. परंतु प्रत्येक वेळी काहीतरी असे होते की जे आधीच माहीत होते आणि केलेले नव्हते.

आता आमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेल्या गोष्टीकडे येतो. सूरसागरचा धडा आपल्या शहराने एकदा गिरविला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो स्वच्छ अक्षरांत लिहूनही दिला होता. तरी १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी येथील मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली. चौदा जणांची नाव. तीत त्याच्या दुपटीच्या आसपास माणसे बसविलेली. जाकिटे काहींनाच. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. पुन्हा ठेका, पुन्हा महानगरपालिकेचा तलाव. उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली आणि ठेका दिला कसा गेला याचाच जाब विचारला. राज्यात जागोजागी नौकाविहार बंद करण्यात आले, नव्या नियमावलीचे काम सुरू झाले. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झालेला होताच. तो कागदावर होता, आणि मुले पाण्यावर होती.

ती दुर्घटना दुपार कलताना झाली. पण शहरावर ती कोसळली रात्री. हिवाळ्याचा दिवस लवकर मावळला. अंधार पडला तरी तलावात शोध चालू होता. सकाळी ज्या आयांनी डबा भरून, केस विंचरून मुलांना सहलीला पाठविले होते, त्या रुग्णालयाच्या आवारात उभ्या होत्या. पुढे कोणाच्या घरून जनाजा निघाला, कोणाच्या घरून अंत्ययात्रा. एरवी एकमेकांच्या वस्तीत न जाणारी माणसे त्या दिवशी एकमेकांच्या दाराशी बसली. हे आपल्या शहराचे भूषण आहे, असे म्हणावयाचा मोह होतो. परंतु ज्या एकोप्याला मुलांची तिरडी लागते, त्याचा अभिमान किती बाळगावा?

आता एक कबुली. ही आमची स्वतःची आहे, आणि ती दिल्याखेरीज वरचे काहीही बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी काही कुटुंबे मिळून आम्ही चांदोदला गेलो होतो. एकाच्या वडिलांच्या अस्थी विसर्जित करावयाच्या होत्या, बाकीचे सोबतीला आणि दर्शनाला. नर्मदा आणि ओरसंग यांच्या संगमावरचे विधी आटोपले, पलीकडे करनाळीला कुबेराचे दर्शन झाले, परत यावयास दिवेलागण झाली. घाटावर एकच यांत्रिक होडी उरलेली. आम्ही सारे बसलो, त्यावर आणखी एक जथा आला. होडीवाला सारखे म्हणत होता, "आवी जाओ, आवी जाओ, घणी जग्या छे." पाणी काठाला वीतभरही नव्हते. आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "अहो, जरा कमी माणसं बसवा ना. आम्ही मागाहून येऊ." त्यावर आमच्यातलेच कोणी हसून म्हणाले, "मावशी, नर्मदामाईच्या कुशीत बसलाय, भिता कशाला?" आम्ही सारे हसलो. मावशी गप्प बसल्या. त्यांनी पदर घट्ट धरला आणि शेजारच्या, आपल्या नात्यातल्याही नव्हत्या अशा, एका पोरीचा हात धरून ठेवला तो पैलतीर येईपर्यंत सोडला नाही. होडीवर दिवा नव्हता, जाकीट एकही नव्हते.

काही झाले नाही. आम्ही सुखरूप उतरलो, चहा घेतला, घरी आलो. आणि काही झाले नाही म्हणूनच ही गोष्ट आम्ही विसरलो. हरणीची बातमी आली त्या रात्री ती आठवली आणि झोप लागली नाही. त्या होडीत आणि या नावेत फरक एवढाच की, आमची लाट आली नाही. ठेकेदारावर, अधिकाऱ्यांवर, नियमांवर बोट ठेवावयाचे, आणि ते ठेवलेच पाहिजे. परंतु त्या संध्याकाळी शहाणपणाचा शब्द बोललेल्या एकमेव व्यक्तीला हसून गप्प करणारे आम्ही होतो. त्या मावशी आज हयात नाहीत. त्यांची क्षमा आम्ही येथे, आपणा सर्वांसमक्ष मागतो.

नावेची भीती बाळगून पाण्यापासून दूर पळावे, असे मात्र कोणी समजू नये. हरणीनंतर सातच महिन्यांनी, २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, विश्वामित्रीला महापूर आला. धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर पाणी चढले आणि अर्धे शहर घरांच्या वरच्या मजल्यावर अडकले. त्या दिवसांत आपण कशाची वाट पाहत होतो? नावेचीच. म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना बाहेर काढावयास, दूध आणि औषधे पोहोचवावयास नावच लागली. जानेवारीत जिने मुले नेली, तीच ऑगस्टमध्ये माणसे आणीत होती. नाव निर्दोष असते. तिच्यात किती बसावे, काय बांधून बसावे आणि केव्हा बसू नये, हे माणसाने ठरवावयाचे असते.

मग आपल्यासारख्या न्यासाने काय करावे? आपण शिष्यवृत्त्या देतो, रुग्णांना मदत करतो, वधूवर मेळावे घेतो. दुर्घटना झाली की आपण सभा घेऊन दुखवट्याचा ठराव करतो आणि निधी पाठवितो. हे सारे योग्यच आहे. परंतु दुखवट्याचा ठराव करण्याची वेळ येऊ नये, यासाठीही थोडे द्रव्य आणि पुष्कळ मेहनत खर्च झाली पाहिजे. व्यवस्थापक मंडळापुढे आम्ही पुढील सूचना ठेवल्या आहेत.

पहिली: न्यासाच्या कुटुंबांतल्या प्रत्येक मुलामुलीला वयाच्या बारा वर्षांच्या आत पोहावयास यावे. प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा ज्या बडोद्यात गाजला, दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत ज्या बडोद्यात निघाला, त्या बडोद्यातल्या मराठी मुलाला पाण्यात हात मारता येऊ नये, हे शोभत नाही. ज्यांना तरणतलावाची फी जड जाते त्यांची फी न्यासाने भरावी. मुलींसाठी वेगळी वेळ आणि स्त्री शिक्षिका यांची सोय करावी, म्हणजे घरच्यांची सबब उरणार नाही.

दुसरी: न्यासाच्या प्रत्येक सहलीत एका व्यक्तीने केवळ मोजणीचे काम करावे. नावेची क्षमता किती, माणसे किती, जाकिटे किती. जाकीट अंगावर घालून पट्टे आवळलेले असले तरच ते धरावे. बाकाखाली ठेवलेले जाकीट नसल्यासारखेच. मुलांना मुलांच्या मापाचे हवे, मोठ्याचे जाकीट मुलाच्या डोक्यावरून निघून जाते. या व्यक्तीने नको म्हटले तर अध्यक्षांनीही नावेत बसू नये.

तिसरी: अंधार पडल्यावर नावेत बसावयाचे नाही. मग दर्शन चुकले तरी चालेल, मुक्काम वाढला तरी चालेल. देव दुसऱ्या दिवशीही तेथेच असतो.

चौथी: शाळेतून सहलीचे पत्र आले की सही करण्यापूर्वी आईबापांनी विचारावे: पाण्यावर नेणार का, सोबत किती शिक्षक, जाकिटे आहेत का. असा प्रश्न विचारणाऱ्या पालकाला कटकट्या म्हणतील. म्हणू द्यावे.

पाचवी: बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी पोहता न येणाऱ्याने उडी घालू नये, दोर, काठी, धोतर, साडी, रिकामा डबा, जे हाती लागेल ते फेकावे. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे यांचे शिक्षण वर्षातून एकदा याच सभागृहात द्यावे. त्यासाठी डॉक्टर सभासदांनी नावे कळवावी, अशी विनंती आहे.

यांतली कोणतीही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. सर्वांत अवघड आहे ते धैर्य, चारचौघांत "एवढ्या माणसांत मी बसणार नाही, माझ्या मुलांना बसू देणार नाही" असे म्हणण्याचे. हे धैर्य एकट्या माणसाला होत नाही, हे आम्ही चांदोदला पाहिले. एकट्या मावशी हरल्या. पण त्यांच्या मागे आणखी चौघे उभे राहिले असते तर होडीवाल्याला दोन फेऱ्या कराव्याच लागल्या असत्या. समाज म्हणजे तरी दुसरे काय? एकाच्या शहाण्या शब्दामागे चौघांनी उभे राहणे. न्यास स्थापन करणाऱ्या वडील मंडळींनी हेच केले, म्हणून आज आपण महोत्सव साजरा करीत आहोत.

सभा संपल्यावर आपण घरोघर जाल. वाटेत ज्यांना सूरसागर लागेल, त्यांनी क्षणभर थांबावे. रात्रीच्या वेळी काठावरचे दिवे पाण्यात उतरतात आणि तलाव फार सुंदर दिसतो. त्या बावीस जणांना आणि हरणीच्या चौदा जणांना मनोमन नमस्कार करावा, आणि सोबत मूल असेल तर त्याला विचारावे, "तुला पोहता येतं का रे?" नाही म्हणाले, तर उद्या सकाळी न्यासाच्या कचेरीत त्याचे नाव नोंदवावे. वही उघडून ठेवलेली आहे. पहिले नाव आमच्या नातवाचे आहे.